मोडायचं राहिलेलं पाऊल

एलएल.एम.च्या प्रबंधासाठी मी पावलांच्या ठशांचा पुरावा हा विषय घेतला, तेव्हा आमचे प्राध्यापक म्हणाले, "मिस आयरिन, करारांचा कायदा घ्या. बाईमाणसाला शोभतो." मी म्हटलं, "करार मोडणाऱ्याला फाशी होत नाही, सर. मला फाशीचंच हवंय." साल १९३८. वर्गात मी एकटी मुलगी, त्यातून उत्तनची, मासळी सुकवणाऱ्या घरातली. शोभण्याची चिंता मी केव्हाच समुद्रात बुडवली होती.

माझं म्हणणं साधं होतं. पुराव्याच्या कायद्यातल्या पंचेचाळिसाव्या कलमात बोटांच्या ठशांचं नाव आहे, पावलांच्या ठशांचं नाही. तरी गुजरातेतून माग काढणारा कुणी पगी येतो, चिखलातल्या ठशाला काठीचं माप लावतो, "हा अमक्याचा" म्हणतो आणि अमका लटकतो. मला याची चीड होती, अजून आहे.

पुढच्या जानेवारीत हा अमका ओळखीचा निघाला. गोडदेवचा शिवदास भोईर. त्याची आई जिजाबाई आमच्या दारात मासळीसाठी मीठ घेऊन यायची, माझ्या जन्माच्याही आधीपासून. भाईंदरच्या मिठागरात मुकादम डोक्यात घाव बसून मेला होता. आदल्या दिवशी त्याने जिजाबाईवर हात उगारला आणि शिवदासने तो चारचौघांत धरला होता. प्रेताजवळ एक पाऊल सापडलं. उजवं, करंगळी नसलेलं. शिवदासची करंगळी लहानपणी विळ्याखाली गेली होती.

"एकच कसं, मावशी? माणूस काय लंगडी घालत आला?" मी जिजाबाईला विचारलं.

ती म्हणाली, "बाकीची मी मोडली, बाय."

मिठाचा वाफा माणसं ओळीने उभी राहून पायांनी तुडवतात, तळ पाट्यासारखा गुळगुळीत करतात. एक खळगा राहिला तरी तिथं गढूळ पाणी साचतं आणि मीठ काळं पडतं. म्हणून वाफ्यात पाऊल दिसलं की ते पायाने मोडायचं, हे तिथल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. त्या सकाळी प्रेत पहिल्यांदा जिजाबाईने पाहिलं. डोक्यावरची टोपली खाली पडली, आणि माणसं गोळा होईपर्यंत ती एकेक पाऊल मोडत राहिली. कुणाची होती, तिने पाहिलंही नाही. टोपलीखालचं तेवढं वाचलं.

"पाय आपसूक फिरला गो," ती म्हणाली. "कोन जाने, दुसऱ्या कोनाची असतील. माज्या पोराला मीच मारला."

"अजून मेला नाही तो," मी म्हटलं.

फेब्रुवारीत मी तोच वाफा भिजवून नव्याने तुडवून घेतला. मला दाखवायचं होतं की या चिखलात ठसा सुकताना आकसतो, दोन वेगळे पाय सारखे दिसू शकतात. सहा माणसं चालवली. सगळ्यांच्या पायांना दहा-दहा बोटं, मी मोजली होती. पीटर, माझा मोठा भाऊ, होडीतून प्लास्टरची पोती घेऊन आला होता. दुपारी आम्ही बांधावर भाकरी खाल्ली आणि परत वाफ्याशी आलो.

सातव्या कुणाचं तरी पाऊल होतं. उजवं, करंगळी नसलेलं.

मला आनंदच झाला. शिवदास ठाण्याच्या तुरुंगात होता, म्हणजे असा पाय दुसऱ्याही कुणाचा आहे! मी साचा घेतला, तारीख घातली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मग पीटरला घेऊन अख्खं गोडदेव पालथं घातलं. तसा पाय कुणाचा नव्हता.

"आयरिन, येरी हाय का गो तू?" पीटरने मला वेड्यात काढलं. "एकच पाऊल. ना आलेला, ना गेलेला. चल घरा."

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी वाफ्याच्या चारी बाजूंना राख पसरली. राख जशीच्या तशी राहिली आणि आत, पहिल्यापासून एका ढांगेवर, आणखी एक पाऊल उमटलं. पुन्हा उजवंच. डावं कुठेच नाही. ते कालच्यापेक्षा खोल होतं, मी पट्टीने मोजलं, साचा घेतला. टाचेवर तीन भेगा होत्या, मधली तिरकी.

जिजाबाई वाफ्यात उतरू लागली. मी तिचा दंड धरला.

"मोडू दे, बाय."

"मोडायचं नाही. हाच तुझ्या पोराचा पुरावा आहे."

"ठेवलेला पाऊल पायाला परत येत न्हाय," ती म्हणाली.

"ठेवलेलं पाऊलच त्याला परत आणील," मी म्हटलं. तेव्हा मला या वाक्याचा फार अभिमान वाटला होता.

तिसऱ्या दिवशीचा साचा पंचांकडे सोपवून मी शिवदासच्या वकिलांबरोबर ठाण्याला गेले. मऊ मातीच्या परातीत शिवदासने उजवा पाय ठेवला. टाचेवर तीन भेगा, मधली तिरकी. ठसा मात्र फारच उथळ आला. शिपायाने गुडघा दाबून धरला तरी तेवढाच.

"हा पाय हल्ली हलका लागतोय, बाय," शिवदास म्हणाला. "हाय का न्हाय तेच समजत न्हाय."

मी वहीत लिहिलं, 'तुरुंगातील अशक्तपणा.'

चौथ्या दिवशी मी बांधावर स्टूल टाकून बसले. भर दुपार. पांढरं ऊन. वाफ्यावरून नजर काढायची नाही, असं ठरवलं होतं.

बारा वाजले. एक वाजला.

प्लास्टर घट्ट होतंय का, म्हणून मी एकदाच बादलीत पाहिलं.

वर पाहिलं तर वाफा तसाच होता.

पाऊल माझ्या स्टुलाशेजारी होतं, बांधाच्या टणक मातीत, चार बोटं खोल. त्याचा चवडा माझ्याकडे होता.

मी घाबरले. सांगायला लाज कसली? निम्मं प्लास्टर पदरावर सांडलं. पण साचा घेतला.

मार्चमध्ये मी साक्षीला उभी राहिले. सरकारी वकील हसत म्हणाले, "म्हणजे आरोपी तुरुंगात आणि त्याचा पाय भाईंदरला?" मी म्हटलं, "मी तज्ज्ञ म्हणून आलेले नाही. जे पाहिलं, मोजलं, तेच सांगतेय. आरोपी कोठडीत असताना उमटणारा ठसा आरोपीची ओळख पटवू शकतो का, एवढंच कोर्टाने ठरवावं." चारही साचे टेबलावर मांडले. नुसत्या ठशावर फाशी देता येत नाही असं निकालात आलं आणि शिवदास सुटला.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं, "मग ते पाऊल कुणाचं?" मी म्हटलं, "तो कायद्याचा प्रश्न नाही." माझी पदवी एक वर्ष रखडली. रखडू दे म्हटलं. मला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं तर मी तेच सांगेन, त्याच आवाजात. माणूस जिवंत आहे.

एप्रिलमध्ये त्याला भेटायला मिठागरात गेले. शेजारचा वाफा नुकताच तुडवून झाला होता, ओला, चकचकीत. मला पाहून शिवदास पलीकडून हसत, सरळ वाफ्यातूनच चालत आला. पाया पडू लागला, मी अडवलं.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"दुखत न्हाय, बाय. कायच होत न्हाय त्याला."

मी त्याच्या मागे पाहिलं. वाफ्यात नऊ डावी पावलं होती. उजवं एकही नव्हतं.

जिजाबाई मागून येत होती. माझ्याकडे न बघता तिने एक डावं पाऊल मोडलं. मग ढांगभर पुढे सरकली आणि जिथे काहीच नव्हतं तिथेही, सावकाश, पाय फिरवला.