कोंड्यातली धग

कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस बंद पडली, तेव्हा दामिनीने आधी मांडीवरचा डबा सावरला आणि मगच ती खाली उतरली. धाब्यासमोर पोत्यांनी भरलेली एक पिकअप उभी होती. चालक चहा पीत तिच्याकडे बघत होता.

"मॅडम, डब्यात अंडे आहेत का? लई जपून धरून राहिल्या."

"डोळा आहे."

"कोनाचा?" तो दचकलाच.

ती खळखळून हसली... आणि त्याच हसण्यावर तिला गोंदियापर्यंत गाडी मिळाली.

दामिनी गोंदियाजवळच्या फुलचूरची, संशोधन करायची नागपूरला. डब्यात उष्णता ओळखणारा संवेदक होता. तापलेल्या वस्तूतून निघणारे, आपल्याला न दिसणारे किरण तो टिपायचा. पण बरेच किरण त्याच्यावरून परत फिरायचे. म्हणून ती त्यावर एक काळा थर चढवत होती, प्रकाश पिऊन टाकणारा.

"मंग काजळी फासा ना!"

"जाड थर तापायलाच वेळ लावतो. केसापेक्षाही कितीतरी पातळ हवा. म्हणजे जराशी ऊब लागली की लगेच कळेल."

"लगेच म्हनजे... धूर निघायच्या आधी?"

त्याचा आवाज बदलला होता. तो देवानंद, गोंदियाजवळच्याच मुर्रीचा. गेल्या साली तिथल्या राईस मिलच्या गोदामात कोंड्याचा ढीग आतल्या आत धुमसला. विझवायला आत शिरलेला त्याचा थोरला भाऊ घनश्याम बाहेर आलाच नाही.

त्याच गोदामात संवेदक तपासायचा, असं दामिनीने ठरवलं. शनिवारी ती यायची. देवानंद शिडी धरायचा, तारा ओढायचा आणि मुद्दाम संवेदकासमोर उभा राहायचा.

"सरक ना! आकडा चढतोय."

"तुमी पाहून राहिल्या म्हून चढते, मॅडम."

"मॅडम नको म्हणूस."

"मंग का म्हनू?"

ती तारा गुंडाळू लागली. कानांच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. बरं होतं, संवेदकाचं तोंड दुसरीकडे होतं!

थर सोलून निघायचे, तडकायचे. ती रडकुंडीला यायची; तो तिच्यासमोर गरम आलूबोंडा ठेवायचा. शेवटी उन्हाळ्यातल्या एका दुपारी थर टिकला. ढिगाच्या एका बाजूला किंचित ऊब चढली आणि यंत्र ओरडलं. मजुरांनी ढीग उपसला, तर आतला कोंडा हाताला चटके देत होता. धुराचा मागमूस नव्हता.

देवानंद पोत्यावर बसला आणि तोंड झाकून रडला. दामिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला... हात तिथेच राहिला.

"दामिनी," तो पहिल्यांदाच नावाने बोलला, "मले तू आवडतेस. कवापासून सांगीन म्हनत होतो. पन घरचे वहिनीसंग माझा पाट लावून राहिले. भाऊ गेला, आता तिच्यासंग लगन कर म्हनतात. मी अजून हो नाई म्हनलो."

दुसऱ्या दिवशी ती मुर्रीला, त्याच्या वहिनीला भेटायला गेली. घनश्यामची विधवा शामकला अंगणात एकटीच होती. तिने पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"ताई, मले मालूम आहे. तुमचं नाव निघालं का भाऊजीचा चेहराच सांगते. तुमी फक्त हो म्हना, मी या लग्नाले नाई म्हनते. माहेरी जाईन."

"आणि तुमची लेक, खुशी?"

"पोरगी सासूबाई देनार नाई. आमच्या घरची आहे म्हनतात." शामकलाने दाराकडे पाहिलं. दारात खुशी आईची फुटकी बांगडी बोटात फिरवत उभी होती.

दामिनीने पेला खाली ठेवला.

"तुमचा गैरसमज झाला, वहिनी. आमचं तसं काही नाही. काम होतं... संपलं."

शामकलाचा विश्वास बसला नव्हता. तरी तिने लेकीला ओढून छातीशी धरलं, घट्ट.

गल्लीच्या तोंडाशी देवानंद उभा होता. "काय बोललीस तिले?"

"तू वहिनींशी लग्नाला हो म्हण."

"आनं तू? तुले काहीच नाई वाटत?"

"वाटतं. खूप वाटतं, देवानंद... तेवढं तुला माहीत असू दे." तिने त्याचा हात हातात घेतला, सोडला. "खुशीला आईपासून तोडून मी तुझ्या घरात सुखाने नाही रे राहू शकणार. तूही नाही."

त्याने मान खाली घातली. त्याला ते पटलं होतं, हेच तिला सोसवेना. ती वळली आणि रस्त्यावरच्या ऑटोत जाऊन बसली.

"कहाँ जाना है, मॅडम?"

ऑटोवाल्याला दोनदा विचारावं लागलं.