गरमी जाते कुठं

गाडीला क्लच नव्हता, आणि मुखेडात यावर कुणाचाच विश्वास बसत नसे. टपरीवरची माणसं केबिनमध्ये वाकून बघायची आणि दोनच पेडलं दिसली की हसायची. "शिवमूर्ती, एक पाय घरी ठिवून आलास काय रे?" मी चिडायचो. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत डंपरवर माझी उमेदीची अर्धी वर्षं गेली होती, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी डोळे मिटून खोलायचो, आणि ह्या चहाबाजांना मी काय समजावून सांगणार?

गाडी मुळात विमानतळावरची, आग विझवायची. मलप्पाअण्णांनी ती लिलावात उचलली आणि लाल रंग तसाच ठेवून तिचा पाण्याचा टँकर केला. तो २०१६चा उन्हाळा. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. आमच्या बाजूला आम्हीच रेल्वे. खाली तलावात गाळावर जे काही उरलं होतं ते भरायचं, घाट चढायचा आणि हिप्परगुंडीच्या विहिरीत ओतायचं. हिप्परगुंडी म्हणजे माझ्या बायकोचं, महादेवीचं माहेर. तिची आई नीलाबाई अजून तिथेच होती.

अशा गिअरबॉक्सचा सगळा जीव त्याच्या ऑइलमध्ये असतो. नवं ऑइल सरबतासारखं लाल असतं. तापत राहिलं की तपकिरी पडतं, करपल्याचा वास येतो, आणि मग आतल्या प्लेटा जळतात. भरलेली गाडी घाटात रखडत चढायला लागली की ऑइल तापणारच. पुढे ऑइल थंड करायचा कूलर होता, मी त्याच्यावर ओलं गोणपाट बांधलं, दुसरा पंखा बसवला, तरी मधल्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत जायचाच. मग भर उन्हात गाडी थांबवून बसायचं. वर बायका घागरी घेऊन विहिरीवर उभ्या असायच्या, आणि मी खाली काट्याकडे बघत शिव्या घालायचो.

"ह्याचा पार्ट इकडं कुटंच मिळत न्हाई," मलप्पाअण्णा म्हणाले. "जळला की गाडी भंगारात. दुसरी मपल्याजवळ न्हाई. मग तुज्या सासुरवाडीनं काय प्यायचं ते तूच बघ."

हे मी घरी येऊन महादेवीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर गाडीतून माहेरी गेली आणि येताना पदराखाली एक तांब्याचं पात्र घेऊन आली.

ते मी ओळखलं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगतात ते, बुडाला बारीक भोक असलेलं. त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहतं, देवाला ऊन लागू नये म्हणून. त्या वर्षी गावाने ठरवलं होतं की माणसाला नाही तिथे देवाला कुठून, आणि पात्र उतरवून नीलाबाईंच्या घरात पालथं घातलं होतं.

"हे गाडीला टांगा," ती म्हणाली.

"डोकं फिरलं काय तुझं? देवाचं हाय ते."

"देवाला सध्या काम न्हाई त्याचं. थेंब पडला तर थंडच व्हईल नव्हं?"

चूक नव्हतं ते. गोणपाट वाळतं, थेंब पडत राहतो. मी कूलरच्या वर पट्टी ठोकून पात्र बसवलं. ती बाजूला उभी राहून बघत होती.

"पण गरमी जाती कुठं मग?" तिने विचारलं.

"जाती कुठं म्हणजे? गरमी संपत नसती, जागा बदलती. ऑइलची कूलर घेतो, कूलरची हवा घेती. कुणाला तरी घ्यावीच लागती." मला असं समजावून सांगायला भारी आवडायचं.

"कुणाला तरी," ती म्हणाली. मग कपाळाची थोडी विभूती बोटावर घेऊन तिने पात्राला लावली. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी घाटात काटा हललाच नाही.

मी वर पोचलो तेव्हा आनंदाने हॉर्न वाजवत गेलो. न थांबता पोचायची ती पहिलीच खेप. पाणी ओतून झाल्यावर मात्र मला राहवेना. मी गाडीखाली सरकलो आणि गिअरबॉक्सच्या तळाला जपून बोट लावलं. घाट चढून आलेल्या गिअरबॉक्सला हात लावला तर कातडी निघते. हा रांजणाच्या बुडासारखा गार होता. काटा खराब असेल ही माझी शंका तिथेच संपली. कूलरच्या मागे हात धरला. तिथून गरम वारा यायला हवा होता, तोही नव्हता. पात्र काठोकाठ भरलेलं होतं. वाटेत ते मी भरलं नव्हतं.

कुठेतरी पाणी हेंदकाळून आत पडलं असेल, असं मी ठरवलं. माणूस ठरवतो.

घरी आलो तर महादेवी जमिनीवर पडलेली. अंगात ताप होता. "ऊन लागलं," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि तिने भाकरी केल्या.

मग ते रोजचंच झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. आराम करा म्हणाले. शेवटी शेजारच्या उमाबाईंनी मला अंगणात गाठलं.

"भाऊ, एक बोलू का? तुमी गाडी घिऊन गेलाव की हिला चढतो. रिकामी गाडी उतरली की हिचा बी उतरतो. परवा तुमी गेलाव न्हाई, तर दिवसभर बरी व्हती. लुगडी धुतली तिनं."

"योगायोग हाय," मी म्हणालो. त्या दिवसापासून मला कुठे बसवेना. टपरीवर जायचो, चहा तसाच ठेवून उठायचो. घाटात तर माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त असायचं. तो एकदा तरी वर जावा असं मला वाटायचं. इतका गार काटा मला बघवत नव्हता.

आमच्या धंद्यात एक तपासणी असते. गाडी गिअरमध्ये टाकायची, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि वरून रेस द्यायची. चाकं फिरत नाहीत, इंजिनचा सगळा जोर ऑइलमध्ये जिरतो, आणि बघता बघता ऑइल उकळीला येतं. फार वेळ करायची नसते.

एका सकाळी मी गाडी घरासमोर उभी केली. महादेवी ओसरीवर तांदूळ निवडत होती, अंग गार, तब्येत छान. उमाबाईंना मी म्हटलं, तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवा आणि हात धरून बसा. उमाबाईंनी कशाला ते विचारलं नाही. महादेवीनेही नाही.

मी ब्रेक दाबला. गिअर टाकला. रेस दिली.

गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. मी काट्याकडे बघत होतो. काटा खालीच.

आणखी दाबलं.

पुढच्या काचेवर आतून बाष्प धरलं. वैशाखात. माझ्या पायाला लोखंडाचा गारवा लागला.

काटा खालीच.

"बंद करा!" उमाबाई ओरडल्या. "ओ भाऊ, बंद करा!"

मी उडी मारून ओसरीवर गेलो. महादेवीचे डोळे उघडे होते आणि सुपातले तांदूळ सांडले होते. तिच्या कपाळावरची पट्टी मी उचलली. ती वाळून पापडासारखी कडक झाली होती. उमाबाई आपला तळहात फुंकत होत्या.

मी पात्र उपसून काढलं आणि त्याच दिवशी देवळात नेऊन पिंडीवर टांगलं. पण पुढच्या खेपेला, पात्र नसताना, भर घाटातही काटा तसाच गार राहिला.

"मी ही गाडी चालवणार न्हाई," मी महादेवीला सांगितलं. मला भीती वाटत होती आणि तिचा रागही येत होता. "माहीत व्हतं तुला?"

"आई घागर घिऊन उभी ऱ्हाती," ती म्हणाली. "पाऊस येस्तोवर जाऊ द्या. मला सोसतं."

"मला न्हाई सोसत!"

मी चावी मलप्पाअण्णांना देऊन टाकली. त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. गाडी एकदाही बिघडली नाही. हिप्परगुंडीला पाणी पोचत राहिलं, आणि मी घरात बसून महादेवीच्या कपाळावर हात ठेवायचो. गाडी मधल्या वळणाला कधी आली ते मला तिथे कळायचं.

मृगात पाऊस आला. दिवाळीनंतर गाडी विकायची म्हणताच मी मलप्पाअण्णांचे पाय धरले की मला द्या. तोवर त्यांनी धर्माबादच्या चन्नबसप्पांना शब्द दिला होता. पलीकडे तेलंगणात नवे जिल्हे झाले होते, कचेऱ्यांचे रस्ते होत होते, त्यावर पाणी मारायला गाडी हवी होती. सपाट मुलूख, हलकं काम. महादेवीला नुसती बारीक तापाची कसर यायची. मी दर महिन्याला चन्नबसप्पांना फोन करून गाडी मागायचो, आणि ते हसून म्हणायचे, न तापणारी गाडी कोण विकतं का? पुढे पुढे आम्हाला त्या कसरीची सवय झाली. वर्षं गेली.

परवा दुपारी जेवून उठलो आणि त्यांचाच फोन आला.

"शिवमूर्ती, तुमची गाडी आठवण काढून राहिली बघा. कागदपत्रं संपली तिची. भंगारवाल्याला देऊन टाकली."

"कधी?"

"काल. लई दणकट लोखंड हाय. आता त्याच्याकडंच उभा हाय मी. गॅसवर कापायला घेतलंय."

"कुठून घेतलंय?"

"खालून. गिअरबॉक्सपासून. पर गंमत बघा, मघापासून फ्लेम लावून राहिलाव, लाल बी व्हत न्हाई. मोठा सिलिंडर मागवलाय."

"थांबवा," मी म्हणालो. "चन्नबसप्पा, त्याला थांबवा." पण पलीकडे फुरफुर आवाज वाढला होता आणि त्यांना माझं काही ऐकू येत नव्हतं.

आतून महादेवीची हाक आली.

"अहो, जरा पाणी देता का?"