डॉक्टरांच्या खिशातलं बिस्कीट

स्वप्नील, ती बॅटरी बंद कर रं, तोंडावर मारू नको. प्राची, भ्या वाटलं तर मंगळीला जवळ घे. म्हातारी कुत्री हाय, पण अंग गरम हाय तिचं.

कर्जतचे योगेंद्र डॉक्टर तुमाला म्हाईत हायत. कुत्र्या-मांजरांचे. जनावर पार हाताबाहेर गेलं, त्याला सोसंना झालं, का लोक त्यांनाच घरी बोलावतात. डॉक्टर खाली जमिनीवर बसतात. शीर दिसावी म्हणून छोट्या मशीननं पुढच्या पायावरचे केस काढतात, चौकोनी. डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "झोप आता, मी आहे इथं." मग सुई. जनावर शांत जातं. मी बघितलंय.

पण त्याच्या आधी खिशातलं बिस्कीट पुढं करतात. "खातोस का?" असं दोनदा विचारतात. खाल्लं तर सुई नाय. मालक कितीबी बोलू दे, डॉक्टर पिशवी उचलून परत. खातंय म्हणजे त्याला अजून राहायचंय, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. रात्री साडेनवाला पळसदरीच्या धरणाजवळच्या एका बंगल्यातून फोन आला. डॉक्टर दिवसभर खालापूरला फिरून दमलेले, तरी गेले. म्हातारा कुत्रा, मागचे पाय लुळे. मालक गाडीतूनच बोलला, "उरकून टाका डॉक्टर, मला मुंबईला पोचायचंय." आणि गेला. राखण करणारी अंबूबाई तेवढी कुत्र्यापाशी बसलेली.

डॉक्टरांनी खिशात हात घातला. बिस्कीट नव्हतं. मघाशी चहाबरोबर स्वतःच खाल्लेलं. कुत्रा तर मानसुद्धा उचलत नव्हता. राहू दे आजच्या दिवस, असं मनात म्हणाले आणि सुई दिली.

कुत्रा गेला. अंबूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गुरवारचा उपास सोडला वो मी. नैवेद्याची खीर दिली त्याला. वाटी चाटून पुसून खाल्ली."

"कधी?"

"तुमी यायच्या जरा आधी."

डॉक्टर पिशवी उचलून निघाले. कर्जतला आले. दवाखान्याच्या वर एकटेच राहतात. दाराला कडी लावून आडवे झाले, पण झोप कुठली?

मध्यरात्री खाली दवाखान्यात केस काढायचं मशीन सुरू झालं. घर्रर्र...

दवाखान्याला कुलूप. किल्ली यांच्या उशाशी.

आवाज जिन्यात आला. मग दाराशी. मग... दाराच्या आत.

डॉक्टर उठायला गेले. पाय हलंनात. कमरेखाली अंगच नव्हतं जसं.

डाव्या हाताला मशीन लागलं. गार. चारी बाजूंनी फिरलं... थांबलं. स्पिरिटचा वास आला. मग डोक्यावर हात आला. जड... पण मायेचा.

"झोप आता... मी आहे इथं."

आवाज डॉक्टरांचाच व्हता.

...

ओठांना कायतरी खरखरीत लागलं.

"खातोस का?"

दातखीळ बसलेली. तोंड उघडंना.

"खातोस का?"

दोनदा झालं. डॉक्टर तिसऱ्यांदा विचारत नायत, कधीच नाय. ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? सगळा जीव जबड्यात आणला... आणि चावलं.

डोक्यावरचा हात उचलला गेला. खोलीत कुणी नाय. दाराची कडी आतून तशीच.

हे मला त्यांनीच सांगितलं, परवा. मीच त्यांना बोलावलेलं, या मंगळीसाठी. हिचे हाल बघवत नव्हते मला. डॉक्टर खाली बसले. बिस्कीट पुढं केलं. "खातेस का?" मंगळी गप. माझं काळीज तुटत व्हतं. दुसऱ्यांदा विचारलं... आणि खाल्लं गं हिनं. डॉक्टर लहान पोरागत रडले.

मग ही बया त्यांची बाही हुंगायला लागली. बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात ते. हिनं दातांनी ओढली, तसं बटण सुटलं.

दाट केसांचा हात. आणि बरोबर शिरेवर एक चौकोन, गुळगुळीत. वर्ष होत आलं, तिथं अजून केस उगवला नाय.