दीपमाळेखाली काही नव्हतं

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "या गडाला पाणी कुठून येतं हो?"

मी दचकून नकाशा छातीशी धरला. मागं एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. हातात सरकारी अर्जांचा गठ्ठा, आणि नजर सरळ माझ्या कागदावर.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही... पण गडावर तीनशे शिबंदी लिहिलीय. त्यांना तहान लागेल की."

माझ्याबरोबर आलेली मावसबहीण सृष्टी फिसकन हसली. मला मात्र राग आला, कारण तो बरोबर होता. दोन वर्षं मी तो गड रचत होते आणि त्यावर एक विहीरसुद्धा काढली नव्हती.

"खेळायला येता का रविवारी?" सृष्टीनं मला न विचारताच त्याला विचारून टाकलं.

मी सिद्धेश्वरी. शाळेत गणित शिकवते, सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते, आणि दर रविवारी दुपारी आमच्या माडीवर हा खेळ चालवते. खेळ सोपा आहे. मी गोष्ट सांगते – समोर नदी आहे, पलीकडं राक्षस आहे – आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करणार ते ठरवतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. मला म्हणायचं गेममास्टर. सगळी गुपितं माझ्या वहीत, आणि वही पुठ्ठ्याच्या पडद्याआड.

तो पडदा उगाच नव्हता. गेल्या वर्षी आमच्यात शिवराज नावाचा एक जण खेळायचा. त्यानं माझ्या वहीचे फोटो काढले आणि पुण्यात जाऊन माझाच खेळ स्वतःच्या नावानं सुरू केला. त्याच्यावर माझा जीव होता, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर वही सहज हाताला लागली. तेव्हापासून माझ्या गोष्टीत कुणी जरा जास्त रस घेतला की मी आधी वही मिटते.

तर, हा रविवारी खरंच आला. नाव गुरुशांत. मूळचा अक्कलकोटचा, करमाळ्याला गुरांचा डॉक्टर. मी त्याला माझ्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची दिली.

त्या दिवशी मी गडाच्या वाटेवर एक अक्राळविक्राळ जनावर ठेवलं होतं. दोन तासांची लढाई ठरवली होती. पृथ्वीराज – आमचा तिसरा खेळाडू, औषधाच्या दुकानात असतो – तलवार उपसून तयारच होता. गुरुशांत म्हणाला, "थांब. मॅडम, हे ओरडतं कधी? खाताना, की पाणी पिताना?"

"...खाताना."

"लाळ गळते म्हणालात. एकाच बाजूनं?"

मी वहीकडं पाहिलं. जनावराच्या जबड्यात भाल्याचं टोक अडकलंय, असं तिथं लिहिलं होतं. ते शेवटी कळायचं होतं!

"मग मी त्याची दाढ बघतो," तो शांतपणे म्हणाला आणि फासा टाकला. वीस पडले. दहा मिनिटांत ते जनावर त्यांना पाठीवर घेऊन गडाकडं निघालं. सृष्टी टाळ्या पिटत होती. मी विचार करत होते... याला कसं कळलं?

पुढच्या रविवारी गडाचे दरवाजे बंद होते. मी चोरवाट ठेवली होती. गुरुशांतनं विचारलं, "आत लग्न आहे ना? मग आचारी लागणार." आणि तिघंही कढया घेऊन मुख्य दरवाजातून आत गेले. पहारेकऱ्यानं उलट विचारलं, "जिलेबी हाय का?"

हसू आवरत नव्हतं. तरी मी त्याच्याकडं रोखून पाहिलं.

"असं का बघताय?" तो म्हणाला.

"तुम्ही फार सहज जाता हो आत."

"दार उघडं असलं की जातो," तो म्हणाला, आणि मी उगाचच पडदा सरळ केला.

असे तीन महिने गेले. रविवारी सकाळी मी दोनदा वेणी घालायला लागले होते, आणि त्याचाही मला संशय येत होता. तो चहाचा कप ठेवताना पडद्याच्या बाजूला कधी ठेवायचा नाही. हे सौजन्य की सावधपणा? त्याची नजर माझ्यावर असायची की वहीवर?

मग दिवाणाचं झालं. माझ्या गोष्टीत एक प्रेमळ म्हातारा दिवाण होता. तोच खरा फितूर, आणि हे वही सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दिवाणानं मदत देऊ केली तशी गुरुशांत म्हणाला, "याला काही सांगू नका. फितूर हाच आहे."

माझ्या हातातली पेन्सिल तुटली. शिवराज आठवला... त्याचंही हसणं असंच निर्मळ होतं.

मी सापळा लावला. वहीत मोठ्या अक्षरात खोटंच लिहिलं, 'खजिना दीपमाळेखाली.' खरा खजिना बारवेत होता. पुढच्या रविवारी वही उघडी टाकून मी चहा आणायला खाली गेले आणि मुद्दाम वेळ लावला. वर आले तर सगळे जागच्या जागी. खेळ सुरू झाला. गुरुशांतनं खाकरून म्हटलं, "आपण दीपमाळेखाली खणू."

मी वही मिटली.

"खणा. काही नाही तिथं. ते मी फक्त चोर पकडायला लिहिलं होतं."

गुरुशांतनं एकदा टेबलाभोवती पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि लगेच विझलं.

"बोला ना. वही वाचली की नाही?"

"आज राहू दे," तो हळू म्हणाला. हातातला फासा त्यानं टेबलावर ठेवला, पृथ्वीराजच्या खांद्यावर थाप मारली आणि जिना उतरून गेला. नाही म्हणाला नाही. म्हणजे खरंच की... मी स्वतःला हेच सांगितलं. मी जिंकले होते, आणि रात्री मी न जेवताच ताट सारून ठेवलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. पृथ्वीराजनं विचारलं, "चालू करायचं?" तशी सृष्टी एकदम रडायला लागली.

"ताई, वही मी वाचली."

"काय?"

"तू चहाला गेलीस आणि हे दोघं गॅलरीत उभे होते तेव्हा. एकदाच, शप्पथ! दोन वर्षं तुझ्या खेळात माझी एकही युक्ती चालली नाही गं. मी त्याला म्हटलं, मला असं वाटतंय, तू बोल, तुझं ती ऐकते. त्याला ठाऊकच नव्हतं मला कुठून कळलं ते. तू ओरडलीस तेव्हा त्याला समजलं... आणि तो गप्प बसला. माझ्यासाठी."

"आणि तू आठवडाभर गप्प?"

"मला भीती वाटली," ती म्हणाली. मला तिच्यावर चिडायचं होतं, पण मला तरी दुसरं काय वाटत होतं?

त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळची करमाळ्याची एसटी धरली.

दवाखान्यात सुट्टीच्या दिवशीही तो होता. दारात कडुलिंबाचा मोहोर सांडलेला. आत शिवबाई नावाच्या एक बाई गाऱ्हाणं सांगत होत्या. मी खांबाआड थांबले.

"डॉक्टर, दोन दिस झालं, म्हस धारच काढू देईना. लाथ मारती."

"एरवी धार कोण काढतं?"

"सून काढायची. ती नातेपुत्याला गेलीय की, बाळंतपणाला."

"मग तिची जुनी साडी नेसून बसा. न धुतलेली."

"मी? सुनंची साडी नेसू व्हय!"

"म्हशीला वासानं कळतं, मावशी. तिला तुमची सून हवीय."

शिवबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "लई डोकं हाय बाबा तुला."

कुठली वही होती इथं? माझे कान तापले. तेवढ्यात त्यानं वर पाहिलं. मग म्हणाला, "ऊटा आयतेन्री?"

जेवण झालं का... कानडीत, घरात आई विचारते तसं. इतके महिने आम्ही एकमेकांशी मराठीतच बोलत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सृष्टीनं सांगितलं," मी म्हणाले. "चुकले मी. सगळ्यांसमोर चोर म्हटलं तुम्हाला. तुम्ही बोलला का नाही?"

"ती लहान आहे. तुमच्या नजरेतून उतरली असती."

"आणि तुम्ही उतरलात, त्याचं?"

"त्याचं वाईट वाटलं," तो म्हणाला. "खूप."

शिवबाई पिशवी आवरायला जरा जास्तच वेळ लावत होत्या. त्या गेल्यावर मी विचारलं, "पण दिवाणाचं कसं कळलं? खरं सांगा. मला अजून संशय आहेच."

तो हसला. "तुमच्या गोष्टीतली सगळी माणसं भांडतात, चिडतात, चुकतात. तो एकटाच कधी चुकला नाही. असा माणूस तुम्ही मनापासून रचणार नाही."

"हे तुम्हाला एका दुपारी समजलं?"

"दुपारी कुठलं... करमाळ्याहून सोलापूरला तीन तास, परत तीन तास. दर रविवारी सहा तास मी एसटीत बसून एकच विचार करतो, की आता ती काय म्हणेल. आधी खेळासाठी करायचो."

'ती' म्हणाला होता. तुम्ही नव्हे.

"मग?"

"मग..." त्यानं टेबलावरची फाईल उचलली, उगाच उघडली, "...सोमवारीही करायला लागलो. मंगळवारीही. माझी तक्रार नाही. तुम्हाला नको असेल तर..."

"आत्ता मी काय म्हणणार, ते सांगा बघू."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कपाळावर घाम, कानाच्या पाळ्या लाल. "ते... ते नाही कळत."

"माझी परतीची गाडी साडेचारला आहे," मी म्हणाले. "तोवर जेवू. मग कमळाभवानीच्या देवळात जाऊ. आणि हो – मी कुणाकडं चाललेय आणि कशासाठी, ते आईला सांगून आलेय. तिनं विचारलंय, तुमच्या घरी बोलायला कधी यायचं."

त्याच्या हातातली फाईल खाली पडली. कागद पंख्याच्या वाऱ्यानं दवाखानाभर उडाले, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून ते गोळा करत राहिलो. एकाच कागदावर दोघांचे हात पडले. मी हात मागं घेतला नाही.