मारी, मारी

इरावतीचं एक ठाम मत होतं: कोरडा चहा कुणाला देऊ नये. आता परदेशात, डँडेनॉन्गमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं हवं-नको बघणाऱ्या बाईनं आपली मतं आपल्यापाशी ठेवावीत की नाही? पण ही कुठली ऐकायला. त्या दिवशी आर्वोच्या, म्हणजे दुपारच्या, शिफ्टला जाताना तिनं फॉस्टर स्ट्रीटवरून बिस्किटांचा पुडा घेतलाच.

सलमा आजी नव्वदीला टेकलेल्या, मूळच्या बोर्निओजवळच्या लाबुआन बेटावरच्या. एकट्याच राहायच्या. टीव्ही मोठ्यानं चालू होता, म्हणून इरावतीनं किचनमधूनच ओरडून विचारलं, "आजी, मारी? मारी?"

टीव्ही बंद झाला.

मागचं जाळीचं दार उघडलं आणि आपटलं. लाकडी जमिनीवर अनवाणी पावलं धावत आली, लहान मुलाची. किचनच्या दारात थांबली. तिथे कुणीच नव्हतं, नुसता जळक्या खोबऱ्याचा वास.

आजी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "कुणाला बोलावलंस?"

"कुणाला नाही... बिस्किटं आहेत. मारी."

"आमच्या मलयमध्ये मारी म्हणजे इकडे ये." आजींचा आवाज अगदी खाली गेला. "महायुद्धात ह्या देशाचं सैन्य जपान्यांना हाकलायला आमच्या किनाऱ्यावर उतरलं. आधी बोटींवरून तोफा... सगळं गाव पेटलं. मी खड्ड्यात लपले होते. धाकटा भाऊ बाहेर दिसला, म्हणून ओरडले, मारी, मारी. तो धावत निघाला... पोचला नाही. पुढे एकदा आईच्या तोंडून तो शब्द गेला. मग ती मरेपर्यंत तो तिच्याच मागे."

इरावतीचं धाबं दणाणलं. "त्याला घरी जा म्हणून सांगा ना. माझी लेक लहान आहे हो."

"कुठल्या घरी? जळलं ना ते." आजींनी तिचा हात धरला. "आणि माझं तो ऐकायचा नाही. हाक तू मारलीस."

शिफ्ट संपल्यावर इरावती गाडीत बसली. गाडी सुरू केली तशी मागच्या सीटचा पट्टा लावा म्हणून टुंग टुंग सुरू झालं. आरशात मागची सीट रिकामी दिसत होती. आवाज थांबेना. शेवटी ती उतरली, मागचं दार उघडलं आणि पट्टा ओढून लावला.

आवाज बंद झाला. पट्टा मात्र सीटला टेकला नाही. लहानशा पोटाएवढी जागा सोडून तो तसाच राहिला, आणि हळूहळू वर-खाली होऊ लागला.