तळ्यातल्या देवळाचा दिवा

लॉजच्या जेवणाच्या खोलीचं दार लाथेनं उघडलं आणि नावाडीण आत आली. तिच्या बाहीला रक्त लागलं होतं, पण ते तिचं नव्हतं.

खोलीत दोनच पाहुणे होते. एक आत्या. शहरात तिची शोध लावून देण्याची कचेरी होती आणि चार जिल्ह्यांतले लबाड तिचं नाव निघालं तरी पाणी मागत. दुसरा तिचा भाचा. पस्तिशीचा, गोल गरगरीत, गळ्यात कॅमेरा. कचेरीत तो तिचा मदतनीस होता, म्हणजे पिशव्या उचलायचा आणि चुकीचा माणूस ओळखायचा.

भाच्याची तेव्हा भुणभुण चालली होती. एक तर त्याला काल रात्री बिनचादरीच्या गादीवर झोपायला लागलं होतं. आणि त्याच्या छापील यादीत दोन किल्ले, तीन देवळं आणि धरण झाल्यावर शेवटी लिहिलं होतं, 'धरण होण्याआधीच्या गावाचा जुना फोटो, लॉजची जेवणाची खोली.' भिंतीवर मात्र नुसता खिळा आणि एक फिकट चौकोन. चादरी धुक्यात वाळल्या नाहीत, असं लॉजमालक म्हणाला. फोटोची काच काल सकाळी फुटली, दुरुस्तीला दिलाय.

"माणसं शोधणारी बाई ती तुम्हीच?" नावाडिणीनं विचारलं.

लॉजमालक ट्रे घेऊन मध्ये आला आणि हिला आत कुणी सोडलं म्हणून ओरडायला लागला. आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की ट्रेवरचा चहा निवला म्हणतात.

"बस," ती नावाडिणीला म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

तळ्याच्या मधोमध एका टेकाडावर देऊळ होतं. तिथं जायला एकच नाव, हिच्या नवऱ्याची. काल सकाळी अकराला धुकं उतरलं. तसलं धुकं गावानं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. लोक आपलं समजून शेजारच्या घरात शिरले, जेवले, आणि भाजीत मीठ कमी म्हणून भांडूनही आले. पुजाऱ्यानं देऊळ बंद केलं, नावाड्यानं त्याला धक्क्यावर आणलं, नाव बांधली आणि घरी गेला. आज सकाळी धुकं उठल्यावर दोघं परत गेले, तर देवळाचा कोयंडा उपटलेला आणि चांदीचा मोठा दिवा गायब.

नाव एकच, नावाडी एकच. गावानं आणखी विचारच केला नाही. धक्क्यावरच त्याला तुडवला आणि मग चौकीत नेऊन टाकला. पाच वाजता जिल्ह्याच्या तुरुंगाची गाडी येणार होती.

"काल दुपारपासून तो माझ्या डोळ्यासमोर होता," नावाडीण म्हणाली. "फौजदार म्हणतात, बायकोची साक्ष चालत नाही. मग काय शेळीची आणू?"

आत्या उठली. तिच्या कपाळावरची शीर फुगली होती. भाच्याला ती शीर माहीत होती. त्यानं अर्धा टोस्ट खिशात घातला आणि मागे निघाला.

पुजारी धक्क्यावरच भेटला. तोंड आंबट, बोलणं त्याहून. नावाडी चोर याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. सकाळी नाव सोडायला त्यानं वीस मिनिटं लावली म्हणे. गाठ सुटतच नाही असं सोंग करून लोखंडी सळईनं खुपसत बसला. आणि रोज नीट लावलेला पसारा, म्हणजे रबराची टायरं, पाणी उपसायचा डबा, नांगराचा दगड, सगळा मागच्या टोकाला ढीग होऊन पडलेला. पुजारी मागे बसतो, त्याला पाय ठेवायला जागा नव्हती.

"घाईघाईत कुणीतरी नाव वापरली, हे आंधळ्यालाही कळेल," तो म्हणाला.

आत्यानं विचारलं, काल दुपारी गाठ मारताना तो तिथं होता का. होता. दोघं बरोबर पायऱ्या चढून नावाड्याच्या दारापर्यंत गेले. तेव्हा सव्वाबारा झाले होते. आणि देवळापर्यंत वल्हवायला अर्धा तास लागतो, यायला अर्धा.

आत्या वाकली आणि धक्क्याच्या कडीला बांधलेला दोर हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. मधला एक हातभर भाग चेपून पट्टीसारखा झाला होता.

"जुना दोर आहे," भाचा म्हणाला.

"नवा आहे," आत्या म्हणाली. "चल, धरण बघू. तुझ्या यादीत आहे ना?"

धरणाची भिंत इतकी लांब, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला जेवण उरकल्यावर ऐकू येई. मधल्या खोलीत दरवाजेवाला बसला होता. धरणाचे दरवाजे उघडणं, बंद करणं हे त्याचं काम. तो लॉजमालकाचा सख्खा मेहुणा, हे त्यानं न विचारता सांगितलं. काल दरवाजे उघडले नाहीत, वहीत तशी नोंद नाही, आणि उघडताना भोंगा द्यावाच लागतो, तो आठवडाभर दिलेला नाही. त्यानं वही दाखवली. पान कोरं होतं.

भिंतीच्या खाली नदीच्या दगडांवर लॉजची धोबीण कपडे आपटत होती, कुणाचा तरी जीव घेतल्यासारखे. आत्या खाली उतरली.

धोबिणीचं म्हणणं असं. काल दुपारी साडेबाराला ती आणि तिची सासू डबा खायला बसणार, तेवढ्यात नदी चढली. भोंगा नाही, काही नाही. धुक्यातून नुसता आवाज आला आणि पाणी कमरेला लागलं. लॉजच्या अठरा चादरी गेल्या. सासू पण गेलीच होती, हिनं केसाला धरून ओढली. म्हातारी आता घरी पडून आहे, श्वास घेताना छाती वाजते. चार वाजेपर्यंत पाणी तसंच होतं.

वर येऊन आत्यानं दरवाजेवाल्याला एवढंच विचारलं, की मग पाणी आलं कुठून. तो म्हणाला, डोंगरात पाऊस झाला असेल. भाचा म्हणाला, "सोपं आहे. डोंगरातलं पाणी." आत्याच्या कपाळावरच्या शिरेला आता जोड मिळाली होती.

मग किल्ला. किल्ल्याच्या दारातून एक फरसबंद रस्ता निघत होता आणि सरळ तळ्यात शिरत होता. समोर, पाण्यापलीकडे, देऊळ. काठावर पत्र्याची शेड होती. दाराला कुलूप होतं, पण फटीतून लॉजमालकाची नवी मोटरबोट ताडपत्रीखाली दिसत होती, इंजिन अजून खोक्यात. धक्क्याचा परवाना एकालाच मिळतो आणि तो सध्या नावाड्याकडे होता.

"इथले लोक पोहत बाजाराला जायचे वाटतं," भाचा म्हणाला.

"उतर."

"कुठे?"

"रस्त्यानं. मी सांगेपर्यंत चालत राहा."

त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला आणि उतरला. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं आणि तिथंच थांबलं. तो शंभर पावलं गेला, छातीच्या वर चढेना. शिव्या मात्र वाढत गेल्या.

परतताना आत्यानं चौकीत फौजदाराची गाठ घेतली. काय बोलली ते कुणी ऐकलं नाही, पण फौजदार बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते.

चार वाजता लॉजच्या जेवणाच्या खोलीत सगळे जमले. फौजदार, पुजारी, दरवाजेवाला, दारात धोबीण, भिंतीशी नावाडीण आणि तिच्या शेजारी हातकडीतला नावाडी. त्याचा एक डोळा उघडत नव्हता. लॉजमालक चहा देत होता. खिडक्यांबाहेर अख्खं गाव.

"नाव काल धक्क्यावरून हललीच नाही," आत्या म्हणाली. "आणि ते तुम्हाला सकाळी सात वाजता दिसलं होतं. सगळ्यांना."

ती दोर घेऊन आली होती. टेबलावर तो टाकत तिनं सांगितलं, की गाठ सुटत नव्हती कारण तिच्यावर नावेचं वजन आलं होतं. नाव आखूड बांधलेली. तळं खाली गेलं आणि नाव कडीला लटकली, तोंड वर, मागचं टोक पाण्यात. सगळा पसारा घसरून मागे गेला. रात्रभर येणाऱ्या नदीच्या पाण्यानं तळं भरलं, नाव पुन्हा तरंगली, पण गाठ दगडासारखी झालेली तशीच राहिली. ती पाणी उतरल्यानंतर एकदा जरी कुणी सोडली असती, तर सकाळी सळई लागली नसती.

"पाणी उतरण्याआधी नेली असेल," पुजारी म्हणाला.

"तुम्ही त्याला सव्वाबाराला घरी सोडलंत. साडेबाराला नदी चढली. देवळाला जाऊन यायला एक तास. हिशेब तुमच्या तोंडचाच आहे, मी फक्त ऐकला. तुम्ही तोही केला नाहीत."

भाच्यानं विचारलं, तळं उतरलं ते कशावरून, पाणी तर डोंगरातलं होतं.

"अरे, डोंगरातलं पाणी आधी तळ्यात येतं," आत्या म्हणाली. "धोबिणीपर्यंत जायला त्याला धरणाच्या दरवाज्यातूनच जावं लागतं. दरवाजे उघडले, साडेतीन तास उघडे ठेवले, आणि भोंगा दिला नाही. भोंगा दिला असता तर नावाडी दोर सैल करायला धावला असता आणि अख्ख्या गावाला कळलं असतं." ती दरवाजेवाल्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दोन बायका खाली होत्या. तुला माहीत होतं, त्या रोज असतात."

दरवाजेवाल्यानं आधी खाली पाहिलं, मग आपल्या मेहुण्याकडे.

"तळं छातीभर उतरलं की किल्ल्यापासून देवळापर्यंत जुना रस्ता उघडा पडतो," आत्या म्हणाली. "धुक्यात कुणाला दिसणार नाही. पण तो रस्ता मध्ये कुठं तुटत नाही, हे कळायला एक तर शंभरीचं वय पाहिजे, नाहीतर धरणाआधीचा फोटो."

सगळ्यांनी भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे पाहिलं.

लॉजमालक म्हणाला, काच फुटली होती. भाचा उठला. या खेपेला त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं कपाट पुढे ओढलं आणि मागून फोटो काढला. काचेला ओरखडाही नव्हता.

"काल सकाळी काढलास," आत्या म्हणाली. "रेडिओनं धुक्याचं सांगितल्यावर. चोरी व्हायच्या आधी. दिवा विकायचा नव्हताच तुला. तुला नावाडी जायला हवा होता, म्हणजे परवाना तुला. आता त्या मोटरबोटीची ताडपत्री सोड."

शेडची किल्ली हरवली, असं तो म्हणाला. मग फौजदारानं सांगितलं, की शेडचं कुलूप त्यानं तीन वाजताच तोडलंय. हवालदार आत आला. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात लॉजमालकाची विजार, मांडीपर्यंत चिखलानं वाळून पत्रा झालेली.

"मला फक्त दोन तास उघड म्हणाला होता," दरवाजेवाला पुटपुटला. धोबीण त्याच्या अंगावर गेली. तिला आवरायला तीन माणसं लागली आणि त्यांतल्या दोघांना मनापासून आवरायचं नव्हतं.

पाच वाजता गाडी आली. ती दोघांना घेऊन गेली.

पंचनामा करून फौजदारानं दिवा पुजाऱ्याच्या हाती दिला. गाव धक्क्यावर लोटलं. सगळ्यांनाच दिव्याबरोबर देवळात जायचं होतं. कुणीतरी नावाड्याच्या पाठीवर थाप मारली, झालं गेलं विसर म्हणाला. नावाडी वल्ही घेऊन नावेत बसला.

फळीवर नावाडीण उभी राहिली, हात कमरेवर.

पहिला आला तो वाणी. ती म्हणाली, "सकाळी तुझा पाय कुठं होता?" वाणी मागे सरला. मग न्हावी आला. त्याला विचारावंही लागलं नाही. रांग मागून विरत गेली. काहींना एकदम घरची कामं आठवली.

आत्या आणि भाचा चढले. धोबीण चढली. पुजारी दिवा छातीशी धरून पुढे झाला. म्हणाला, त्यानं कुणाला बोटही लावलं नव्हतं.

"बोट दाखवलंत," नावाडीण म्हणाली. तिनं त्याच्या हातातून दिवा घेतला, फळीवर नीट बसवला आणि दोर सोडला. "हा येऊ दे. ह्यानं काही केलं नाही."