उन्हात ठेवलेलं भिंग

प्रयोगशाळेत शिवलिंग बिरनाळे यांना शास्त्रज्ञ कुणी म्हणत नसे, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. बत्तीस वर्षं ते तिथे लेथवर जोडकड्या कातत होते. कुठल्याही कंपनीचं जुनं भिंग आणा, ते इथल्या कॅमेऱ्याला बसवणारी पितळी कडी बिरनाळे दोन दिवसांत हातात ठेवत. “मी सोयरिकी जमवतो,” ते सांगत. “दोन्ही घरं मानी. आपल्या खाचेशिवाय दुसऱ्याच्या खाचेत बसायचं नाव नाही.”

आज सोयरिक घरचीच होती. टेबलावर त्यांच्या वडिलांचं, दादांचं, भिंग होतं. दादांचा जयसिंगपुरात फोटो स्टुडिओ होता. शिवलिंग म्हणजे त्यांचं म्हातारपणचं लेकरू. ते तीन वर्षांचे असताना दादा गेले. अर्ध्या गावाचे फोटो दादांनी काढले, पण दादांचा काढणार कोण? घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. चेहरा ठाऊक होता तो एकट्या थोरल्या बहिणीला, महादेवी अक्काला. रोज सकाळी दुकान उघडलं की दादा स्वतः गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचे आणि शाळकरी अक्काला कॅमेऱ्यातून बघून फोकस धरायला लावायचे. जयसिंगपुरातच राहिलेल्या अक्काने आता पंचाहत्तरी ओलांडली होती. अलीकडे ती म्हणे, “दादांचं तोंड आठवाय बसलं की निसटतंय बघ. एकदा दिसूदे.” एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते पुरवायचं बिरनाळ्यांनी मनावर घेतलं होतं.

जुन्या भिंगांतून गेलेली दृश्यं वाचणाऱ्या डॉ. मैथिली खांबेटे यांनी कडी भिंगाला फिरवली. ती खट्‌कन बसली.

“काच किती छान राहिली आहे हो, काका.”

“काचेत नक्की वाचता काय तुम्ही?” बिरनाळ्यांनी विचारलं. बाईंचं पीतलेखन, म्हणजे काचेच्या पिवळेपणातला लेख वाचणं, ही सहा महिन्यांतली नवलाई होती. त्यांना पितळ कळत होतं. काचेच्या आत काय घडतं, त्याच्या वाटेला ते कधी गेले नव्हते.

“या काचेत थोडं थोरियम आहे. त्याच्या किरणांनी अंधारात पडलेली काच हळूहळू पिवळी होते. प्रकाश पडला की पिवळेपणा उडतो. ज्या वाटेने उजेड आला ती वाट स्वच्छ, जिथे सावली पडली तिथे पिवळं. एकच माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बसला, तर त्याचा लेख काचेत उमटतो. पुढे पेटीत पिवळं चढलं तरी ते सगळीकडे सारखंच चढतं, म्हणून फरक टिकतो.”

“आणि कडी?”

“अंतरासाठी. या भिंगाला मागे साडेपंचेचाळीस मिलिमीटर जागा लागते, आपल्या कॅमेऱ्यात आहे अठराच. उरलेली तुमच्या कडीने भरली. आता भिंगाला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत.”

“सगळंच पिवळं उडालं तर?”

“मग पाटी कोरी. पण त्याला आठवडाभर कडक ऊन लागतं. पेटीतल्या भिंगाला ऊन कोण दाखवतंय?”

ऊन बिरनाळ्यांनीच दाखवलं होतं. पिवळी पडलेली काच उन्हात ठेवावी, हे या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक. परक्याच्या भिंगाला ते न विचारता बोट लावत नसत, पण हे बापाचं. लखलखीत होऊनच लॅबमध्ये जावं, म्हणून आठ दिवस घरच्या गॅलरीत मांडलं होतं. कबुतरं पाडतील या धास्तीने डोक्यावर टोपी घालून, समोर खुर्ची टाकून राखणही केली होती. इतकी वर्षं टिकलेलं आपण आठ दिवसांत पुसलं, या विचाराने त्यांना बसवेना. सांगायला तोंड उघडलं, तोच पडदा उजळला.

पडद्यावर माणूस होता. चेहरा नव्हता, नुसती सावली. पण काय सुरेख! टोपी, बाकदार नाक, किंचित डावीकडे कललेली मान.

“जमलं, काका!” खांबेटेबाई म्हणाल्या. त्यांनी लगेच अक्काला व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्याकडे धरला.

पलीकडे अक्का रडायला लागली. “दादाच ह्यो. मान बघ की, तशीच. ह्याच भिंगातनं मी रोज बघायची.”

बिरनाळ्यांचा जीव भांड्यात पडला. काहीतरी वाचलं म्हणायचं. ते पडद्याजवळ गेले. माणसामागे तीन तिरक्या पट्ट्या दिसत होत्या.

“स्टुडिओतले पडदे असतील,” बाई म्हणाल्या.

पडदे नव्हते ते. बिरनाळ्यांच्या गॅलरीसमोरच्या इमारतीच्या गच्चीवरची सोलर पॅनेलं होती. ती बसवून जेमतेम दोन वर्षं झाली होती. पाटी कोरी झाली होती खरी, आणि त्या कोऱ्या पाटीवर त्याच कडक उन्हाने आठ दिवस राखण करणारा माणूस उमटवला होता.

बिरनाळे स्वतःच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. मान डावीकडे कलते हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. आपण बापासारखे दिसतो, हे बासष्टाव्या वर्षी कळत होतं. गप्प बसलं असतं तर अक्काचं मागणं पुरं झालं होतं. पण जिने दादांना डोळे भरून बघितलं, तिला खोटा दादा देऊन चालणार नव्हतं.

“अक्का,” ते म्हणाले, “ते दादा न्हाईत. मी हाय. दादांचं सगळं मी उन्हात घालवलं.” आणि काचेची गोष्ट त्यांनी जमेल तशी सांगितली.

अक्का ऐकत राहिली. फोनवर बोलणं रोजचं असलं, तरी भावाबहिणीची गाठ नऊ वर्षांत पडली नव्हती. या कामातून सवड कुठली, असं बिरनाळे दर दिवाळीला सांगत आले होते.

“तू इतका म्हातारा झालास?” अक्काने शेवटी विचारलं.

“झालो की.”

“आणि असा दिसाय लागलास?”

बिरनाळ्यांचा हात पुन्हा मानेकडे गेला.

“मग तिथं भिंगात काय बसलाईस?” अक्का म्हणाली. “घरला ये.”